शेणापासून वीज: ३४ जनावरांच्या गोठ्यातला अडीच वर्षांचा अनुभव

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. उसाच्या धाग्यावर मी बोलता बोलता लिहून गेलो की आमचं पहाटेचं दूध गोबरगॅसच्या विजेवर निघतं. तेव्हापासून निरोपावर निरोप येतायत. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा सगळं एका जागी मांडतो.

आमची वस्ती वाळवा तालुक्यात, नदीपासून दीड किलोमीटरवर. घरात अकरा माणसं. गोठ्यात २१ संकरित गाई, ५ म्हशी, बाकी कालवडी आणि रेडकं, अशी ३४ जनावरं. सुरुवातीला आठ दिवस मी पाटीला वजनकाटा लावून शेण मोजलं. कुणी दहा किलो टाकतं, कुणी वीस. वासरांसकट सगळं धरून दिवसाला ४०० किलोच्या आसपास भरलं. ज्यांना प्लँट घ्यायचाय त्यांनी आधी हे एवढं करा. जनावरांची मुंडकी मोजून कुणी प्लँटचा आकार सांगत असेल तर ऐकू नका. चरायला जाणाऱ्या जनावराचं निम्मं शेण रानातच पडतं.

२५ किलो ताज्या शेणाला साधारण एक घनमीटर गॅस धरतात. म्हणजे ४०० किलोला १६ घनमीटर. त्यातला तीन-चार घनमीटर घरचा स्वयंपाक, अंघोळीचं पाणी आणि जनावरांच्या आंबोणाला जातो. उरलेल्या बारावर जनरेटर चालतो. छोट्या इंजिनला एका घनमीटरमागे दीड युनिट मिळतं, म्हणजे दिवसाला १८ युनिट. कागदावर दोन युनिटसुद्धा लिहिलेली दिसतील. आमच्या मीटरवर मला ती कधी दिसली नाहीत.

आता वीज कशासाठी, ते सांगतो. शेतीच्या लाईनचा आठवडा दिवसपाळीचा, तर पुढचा रात्रपाळीचा. वस्तीवरचा सिंगल फेज कधी जाईल याचा नेम नाही. डेअरीच्या संकलनाची गाडी साडेसहाला फाट्यावर येते आणि थांबत नाही. २१ गाई हाताने पिळायच्या म्हटलं तर घरातली चार माणसं अडकतात आणि तरी उशीर होतो. दूध राहिलं की दुपारपर्यंत नासतं, शिवाय गाईचं दूध कासेत तटलं तर दगडीची, म्हणजे कास सुजण्याची भीती. आम्ही डिझेलचा जनरेटर वापरत होतो. त्याच्या डिझेलचे पैसे बघून वडील, म्हणजे आमचे आबा, एकदा म्हणाले, "दूध आपण गाईचं काढतोय का पंपावाल्याचं?" तिथून हे सुरू झालं.

प्लँट २० घनमीटरचा, तरंगत्या टाकीचा. टाकी फायबरची घेतली, कारण आमच्याच आजोबांची लोखंडी टाकी गंजून चाळण झालेली मी लहानपणी बघितली होती. रात्रभर गॅस साठतो तशी टाकी वर चढते. पहाटे साडेचारला बघावं तर पुरुषभर उंच आलेली असते. दोन तास दूध काढायचं मशिन, पाण्याची मोटर आणि दिवे चालले की ती निम्मी खाली बसते. दिवसभरात पुन्हा भरते, मग संध्याकाळची पाळी आणि कडबाकुट्टी. गॅस साठवायच्या मोठ्या फुग्याची गरज आम्हाला पडली नाही, कारण लोड दिवसातून दोन वेळा वाटला गेलाय. सगळी वीज एकाच वेळी हवी असेल तर साठवण वाढवावी लागेल.

माझं म्हणणं एवढंच आहे की शेणाची वीज युनिटच्या दराने मोजू नका. ती ज्या वेळेला मिळते त्या वेळेची किंमत धरा. आणि इंजिनच्या आधी गॅस स्वच्छ करायची सोय करा. हे दुसरं मी फार महागात शिकलो, ते पुढे लिहितो. विचारा काय विचारायचं ते.

---

गणिती_मास्तर

चांगला धागा, दादा. पण एक हिशोब पटत नाहीय, तो मांडतो.

१२ घनमीटर गॅस म्हणजे साधारण साडेपाच किलो सिलिंडरच्या गॅसइतकी उष्णता. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा, म्हणजे अडीच-पावणेतीन दिवसांत एक सिलिंडर. याच गॅसची वीज केली की १८ युनिट. युनिटला आठ रुपये धरा, तरी १४४ रुपये. सिलिंडरच्या भावाने तोच गॅस याच्या दुपटीहून जास्त किमतीचा आहे. कारण सरळ आहे. एका घनमीटरमध्ये साधारण सहा युनिटइतकी उष्णता असते आणि इंजिन त्यातली पावहिस्साच वीज करतं. बाकीची धुराड्यातून आणि पाण्यातून निघून जाते. मग गॅस जाळायचा सोडून वीज का करायची?

---

कृष्णाकाठ

मास्तर, हिशोब अगदी बरोबर आहे आणि मी तो नाकारत नाही. ज्याच्याकडे गॅस जाळायचं गिऱ्हाईक आहे त्याने जाळावाच. आमच्या वस्तीवर रोज साडेपाच किलो गॅस जाळायला काही नाही. पाइप टाकून शेजारच्या दोन घरांना द्यायचा विचार केला होता, पण मध्ये रस्ता आहे आणि घरं लांब. उरलेला गॅस टाकीखालून बुडबुडे काढत हवेत जात होता. तो नुसता सोडणं वाया तर आहेच, वर त्यातला मिथेन हवेला कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त वाईट.

दुसरं, पाण्यातून जाणारी उष्णता आम्ही पकडलीय. इंजिनच्या जॅकेटचं, म्हणजे ते गार ठेवायला भोवती फिरणारं गरम पाणी दुधाची भांडी आणि मशिनच्या नळ्या धुवायला वापरतो. थंडीत तेच पाणी शेण कालवायच्या हौदात जातं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा उतरला की प्लँटच्या पोटातले गॅस करणारे जिवाणू सुस्तावतात आणि आमचा गॅस तिसऱ्या हिश्श्याने कमी व्हायचा. कोमट पाण्यात कालवायला लागल्यापासून ती घट बरीच कमी झाली.

---

जावळीची_लेक

मास्तरांनी गॅस जाळायच्या गिऱ्हाइकाचं लिहिलं म्हणून मी लिहिते. आमच्याकडे खवा आटवतात, तो साताऱ्याला कंदी पेढ्यासाठी जातो. १४ म्हशी आहेत. सासूबाईंनी तीस वर्षं लाकडाच्या भट्टीपुढे काढली, त्यांच्या छातीत अजून घरघर आहे. तीन वर्षांपूर्वी प्लँट झाला तेव्हा आम्हालाही जनरेटर बसवायचा सल्ला मिळाला होता. आम्ही नाही म्हणालो.

आमचा अंदाज असा आहे की एका घनमीटर गॅसवर किलोभर खवा पडतो. म्हशीचं चार-साडेचार लिटर दूध लागतं त्याला. रोज आठ घनमीटर गॅस धरला तर तेवढाच खवा. ज्योत एकसारखी, धूर नाही, कढईच्या कडेला दूध करपत नाही, त्यामुळे खव्याला रंग पांढरा येतो आणि पेढेवाले भाव बरा देतात. बर्नर मात्र गोबरगॅसचाच लागतो. आम्ही आधी सिलिंडरच्या शेगडीला जोडून बघितलं, ज्योत धरेचना. या गॅसचा दाब कमी असतो आणि त्यात निम्म्याला जवळ कार्बन डायऑक्साइड. जेटचं भोक मोठं लागतं.

सासूबाई आता भट्टीच्या खोलीत जाऊन बसतात, नुसत्या गप्पा मारायला. मला त्याचं फार वाटतं.

---

कृष्णाकाठ

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून आईला वाचून दाखवला. तुमच्या जागी मीसुद्धा जनरेटर घेतला नसता.

---

फिटर_पलूस

दादा, तुम्ही इंजिनचं पुढे लिहितो म्हणालात, त्याची वाट बघतोय. माझं काम इंजिन दुरुस्तीचं. आमचे आजोबा किर्लोस्करवाडीला कामाला होते. १९१० सालापासून त्या माळावर कारखाना आहे, त्यामुळे आमच्या भागात घरटी एक तरी माणूस इंजिनात हात घातलेला सापडतो. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे गोबरगॅसवर चालवलेली पाच-सहा इंजिनं आली. सगळ्यांचा आजार एकच. तुमचंही तेच झालं असणार.

---

कृष्णाकाठ

हो, तेच.

पहिला जनरेटर आम्ही एका पुरवठादाराकडून घेतला, गॅसवर बदलून दिलेलं जुनं डिझेल इंजिन. त्याने सांगितलं, फिल्टरची गरज नाही, शेणाचा गॅस साधा असतो. आम्ही विश्वास ठेवला. दोन-तीन महिने झकास चाललं.

पहिली खूण आईने ओळखली. पहाटे ती इंजिनच्या खोलीशेजारी बसून शेगडीवर आंबोण शिजवायची. एक दिवस म्हणाली, "माझी जोडवी बघ रे कशी झालीत." चांदीची जोडवी काळीठिक्कर. चिंच लावून घासली, आठ दिवसांत पुन्हा काळी. मला वाटलं शेणाने झाली असतील. नंतर कळलं की पाइपाच्या जोडातून गॅस गळत होता आणि त्यातल्या हायड्रोजन सल्फाइडने चांदी काळी पडत होती. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हाच. पण रोज त्या वासात राहिलं की नाकाला तो कळेनासा होतो.

सातव्या महिन्यात इंजिन ठोका द्यायला लागलं. उघडलं तर ऑइल डांबरासारखं, आंबूस वासाचं. पितळी बुश हिरवे-काळे पडून खाल्लेले, बेअरिंगवर सुईने टोचल्यासारखे खड्डे. गॅसमधलं गंधक जळतं, पाण्याच्या वाफेशी मिळून त्याचं ॲसिड होतं आणि ते ऑइलमध्ये उतरतं. पुरवठादाराने फोन उचलणं बंद केलं. पुढचे दोन महिने आम्ही पुन्हा डिझेलवर होतो.

---

फिटर_पलूस

बाकीच्यांसाठी सविस्तर लिहितो, कारण हा खर्च टाळता येतो.

शेणाच्या गॅसमध्ये मिथेन ५५ ते ६५ टक्के, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड. गंधकाचा वायू अगदी थोडा, एक टक्क्याच्याही बराच आत. पण इंजिन मारायला तेवढा पुरतो. कार्बन डायऑक्साइड काढायची गरज इंजिनला नसते, त्याने ताकद थोडी कमी मिळते, नुकसान होत नाही. त्यामुळे कुणी तुम्हाला सगळा गॅस शुद्ध करायचं महागडं यंत्र विकत असेल तर थांबा. काढायच्या गोष्टी दोनच: पाणी आणि गंधक.

पाण्यासाठी पाइपाला उतार द्या आणि सर्वांत खालच्या जागी कॉक बसवा. रोज सकाळी उघडून पाणी सोडायचं. पाइप मध्येच झोळ खाऊन लोंबला की तिथे पाणी साचतं आणि इंजिन गचके खातं. लोक कार्बुरेटर खोलत बसतात आणि दोष पाइपात असतो.

गंधकासाठी लोखंडाचा गंज. लेथवरचा लोखंडी कीस आणायचा, स्टेनलेसचा चालत नाही. तेल लागलेलं असेल तर सोड्याने धुवायचा, मग पाणी शिंपडून उन्हात पसरायचा. चार-पाच दिवसांत तांबडाभडक गंजतो. तो प्लास्टिकच्या उभ्या ड्रममध्ये सैलसर भरायचा. गॅस खालून आत, वरून बाहेर. कीस काळा पडत वर सरकतो, पारदर्शक तुकडा बसवला तर बाहेरून दिसतं. पाऊण उंचीपर्यंत काळा झाला की बदलायचा. काढलेला कीस हवेत पसरला की पुन्हा तांबडा होतो आणि काही वेळा परत वापरता येतो.

इथे एक धोका आहे. हवा लागल्यावर तो कीस तापतो. ढीग करून ठेवला तर आतून धुमसतो. पातळ थरात पसरा, पाणी मारा आणि कडब्याच्या गंजीजवळ अजिबात नको. दोन ड्रम ठेवा, म्हणजे एक बदलताना दुसरा चालू राहील.

ऑइल डिझेलवर चालवताना बदलता त्याच्या निम्म्या तासांत बदला. बंद करताना शेवटची पाच मिनिटं लोड काढून चालवू द्या.

---

कृष्णाकाठ

फिटरदादांनी लिहिलंय तसंच आता आमच्याकडे आहे, दोन ड्रम. दुसरं इंजिन दीड वर्ष झालं, अजून हेड काढायची वेळ आली नाही. आईची जोडवी पांढरी आहेत, रोज नजर जातेच.

---

माणदेशी

आमच्याकडे माण तालुक्यात प्रश्न पाण्याचा. जेवढं शेण तेवढं पाणी असं सांगतात. ४०० किलोला ४०० लिटर. उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत उभं राहणाऱ्याने प्लँटच्या तोंडात पाणी ओतायचं कसं? आणि आमच्याकडे गाई कमी, शेळ्या-मेंढ्या जास्त. लेंड्या चालतात का?

---

कृष्णाकाठ

आम्ही नवं पाणी फार कमी घालतो. गोठ्याचं मूत आणि धुण्याचं पाणीच हौदात घेतो. गॅस देऊन प्लँटमधून बाहेर पडलेल्या शेणकाल्याचा, म्हणजे स्लरीचा, घट्ट भाग खाली बसला की वरचं पातळ पाणी परत शेण कालवायला घेता येतं. त्यात जिवाणूही तयार असतात. पण सगळंच पाणी असं फिरवू नका, आत अमोनिया साचत जातो. निम्मं फिरवायचं, निम्मं नवं.

धुण्याच्या पाण्यात फिनेल नको, हे कळकळीने सांगतो. २०२२ ला लम्पी आला तेव्हा भीतीने आम्ही गोठा रोज औषधाने धुतला आणि पाणी नेहमीसारखं आत गेलं. आठवड्यात गॅस बसला. तरंगती टाकी वर यायचीच थांबली. जिवाणूच मेले होते. शेजारच्या प्लँटमधून चार ड्रम चालू स्लरी आणून पुन्हा विरजण लावल्यासारखं करावं लागलं, महिना गेला त्यात. आता जनावराला अँटिबायोटिक चालू असेल तर त्याचं शेण तेवढे दिवस उकिरड्यावर जातं.

लेंड्यांचं माझ्या अनुभवात नाही.

---

जत_पूर्वभाग

लेंड्यांचं मी सांगतो. आमच्याकडे माडग्याळी मेंढ्या आहेत. सुक्या लेंड्या टाकल्या तर वर तरंगून साय धरतात आणि गॅस अडतो. दोन दिवस पाण्यात भिजवून, घोटून टाकल्या तर चालतात, गॅसही चांगला देतात. पण मेंढरं वर्षातला मोठा काळ फिरतीवर. जो प्लँट चार महिने उपाशी राहतो तो पाचव्या महिन्यात लगेच उठत नाही. ज्याच्या घरी बारमाही शेण आहे त्यानेच यात पडावं. माणदेशी, तुमच्या गावात दोन-तीन गोठे जवळजवळ असतील तर एकत्र विचार करा.

---

येरळाकाठ

विट्याच्या भागातून लिहितोय. लेयर, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांचं शेड आहे. खताचा वास आणि माश्या यांच्यावरून गावात दरवर्षी भांडण. पोल्ट्रीच्या विष्ठेवर वीज होईल का? पंखे आणि दिव्यांना लागते.

---

फिटर_पलूस

होईल, पण नुसत्या कोंबडीखतावर नको. त्यात नत्र फार. शेणात कर्ब आणि नत्राचं प्रमाण साधारण पंचवीसास एक असतं, जिवाणूंना वीस ते तीस मानवतं. कोंबडीखतात ते दहाच्या आसपास. अमोनिया होतो आणि प्लँट गुदमरतो. गाईच्या शेणात थोडं थोडं मिसळत न्या, पाणी जास्त घाला. लेयरच्या खाद्यात शिंपल्याचा चुरा असतो, तो तळाशी बसून टाकी उथळ करतो. आत जायच्या आधी गाळ बसायला वेगळा हौद पाहिजेच. आणि गंधकही यात शेणापेक्षा जास्त निघतो, तेव्हा कीसाचे ड्रम मोठे ठेवा.

---

वारणेचा

उसाचं पाचट घालता येईल का? आमच्याकडे अजून बरेच जण पेटवतात. रात्री सगळं शिवार धुराने भरलेलं असतं, त्यापेक्षा त्याची वीज झाली तर बरं. कारखाने करतातच की.

---

गणिती_मास्तर

इथे दोन गोष्टींची गल्लत होतेय. कारखान्यात चिपाडाची, म्हणजे बगॅसची वीज होते ती बॉयलरमध्ये जाळून, वाफेवर टर्बाइन फिरवून. तो बायोगॅस नव्हे. बायोगॅस कारखान्यात होतो तो डिस्टिलरीच्या सांडपाण्यापासून, आणि आता प्रेसमडपासून, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या गाळापासून, गॅस करून तो सिलिंडरमध्ये दाबून विकायचे प्रकल्प येतायत. केंद्राची 'सतत' योजना २०१८ ची आहे, ती या दाबलेल्या गॅसची. आपल्या गोठ्याशी त्याचा संबंध नाही.

पाचट लाकडासारखं कठीण असतं. जिवाणूंना ते सहजी पचत नाही आणि लांब पात्यांची वर जाड साय धरते. कुट्टी करून, भिजवून, शेणात चिमूटभर मिसळता येईल. पण त्यासाठी कुट्टीला लागणारी वीज आणि मिळणारी वीज यांचं गणित मला जुळताना दिसत नाही.

---

कृष्णाकाठ

पाचटाचा खरा उपयोग आम्हाला स्लरीसोबत सापडला. खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात, पाचट सरीत ठेवतो आणि वरून पातळ स्लरी पाण्याबरोबर दंडातून सोडतो. पाचट भिजतं, काळं पडतं, पुढच्या उसापर्यंत मातीत मिसळून जातं.

वारणेचे दादा, स्लरीवर मी थोडं जास्त लिहितो, कारण सगळे गॅसचं विचारतात आणि हिचं कुणी विचारत नाही. आत गेलेल्या शेणातला फक्त कर्बाचा काही भाग गॅस होऊन जातो. नत्र, स्फुरद, पालाश सगळं तसंच बाहेर येतं. उकिरड्यावर उन्हापावसात सहा महिने पडलेल्या शेणातलं निम्मं नत्र उडून आणि वाहून जातं. शिवाय स्लरीतून तणाचं बी फारसं उगवत नाही आणि तिला माशी बसत नाही. आमच्या चुलत्यांच्या द्राक्षबागेला, तासगावकडे, आम्ही घट्ट भाग वाळवून ट्रॉलीने देतो. ठिबकमधून सोडायची असेल तर गाळणी चांगली लागते, नाहीतर एका आठवड्यात ड्रिपर बंद. आम्ही आधी वाळूचा थर, मग नायलॉनचं कापड, मग ठिबकचा नेहमीचा फिल्टर असं करतो.

आमच्या घरातला हिशोब असा पडतो: विजेने डिझेल वाचतं, स्वयंपाकाने सिलिंडर वाचतो, पण उसाच्या रानात युरियाची जी पोती कमी झाली त्यानेच प्लँटचे पैसे खऱ्या अर्थाने फिटले. त्याची वही आबांनी ठेवलीय.

---

मिरजेहून

हळद शिजवायला हा गॅस चालेल का? सांगलीच्या हळदीला २०१८ ला भौगोलिक मानांकन मिळालं, शेतकरी वाढलेत, पण शिजवायला अजून लाकूडच.

---

गणिती_मास्तर

हळद शिजवायची महिना-दीड महिना, आणि त्यात एका दिवसात भरपूर उष्णता लागते. गोबरगॅस वर्षभर रोज थोडा थोडा येतो आणि साठवायला जागा फार खातो. घनमीटरभर गॅस म्हणजे जेमतेम साडेचारशे ग्रॅम सिलिंडरचा गॅस, आणि जागा व्यापतो एका मोठ्या पेटाऱ्याएवढी. घरच्यापुरती थोडी हळद असेल तर ठीक.

---

वारणेचा

आणखी एक. २०१९ ला आमच्या गोठ्यात छातीएवढं पाणी होतं. पुराच्या पट्ट्यात प्लँट टिकतो का?

---

कृष्णाकाठ

आमचा प्लँट आम्ही मुद्दाम २०१९ च्या पाण्याच्या खुणेच्याही वर घेतला. गोठ्याच्या भिंतीवर ती रेघ अजून आहे, आबांनी पुसू दिली नाही. जागा त्यामुळे गोठ्यापासून साठ पावलं लांब पडली आणि पाटी उचलून न्यावी लागते, पण २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा त्या जागेवर एक थेंब चढलेला नव्हता, म्हणून तीच धरली. पुराच्या पाण्याखाली प्लँट गेला तर गाळ आत भरतो, तरंगती टाकी उचलली जाऊन तिरकी होते. तुमच्याकडे उंच जागा नसेल तर मी घाई करू नका असंच म्हणेन.

---

शिवारातली_ताई

इतकं सगळं चांगलं लिहिलंत, पण जिवाच्या धोक्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. आमच्या भावकीत एक जुना बंद प्लँट साफ करायला एक मुलगा शिडी लावून आत उतरला. वरून दिसत होतं तोवर त्याचे पाय लटपटले. त्याला काढायला दुसरा उतरणार होता, माझ्या सासऱ्यांनी त्याचा सदरा धरून मागे ओढला. दोरी टाकून, गळ लावून पहिल्याला वर काढलं. वाचला, पण आठ दिवस दवाखान्यात होता.

कृपा करून रिकाम्या दिसणाऱ्या प्लँटमध्ये कुणी उतरू नका. गंधकाचा वायू हवेपेक्षा जड असतो, तो तळाशीच राहतो. प्राणवायूही नसतो आत. साफ करायचाच असेल तर झाकण काढून काही दिवस उघडा ठेवा, ब्लोअरने हवा मारा, कमरेला दोरी बांधा, वर तीन माणसं हवीत आणि जवळपास विडी-काडी नको. मिथेन हवेत पाच ते पंधरा टक्के मिसळला की ठिणगीने भडकतो. आणि एक पडला तर त्याच्यामागे कुणीही उतरायचं नाही, हे घरातल्या पोरांना आधीच सांगून ठेवा.

---

फिटर_पलूस

ताई, फार गरजेचं लिहिलंत. इंजिनच्या खोलीलाही हेच. वर आणि खाली दोन्हीकडे जाळ्या ठेवा, मिथेन वर जातो आणि गंधकाचा वायू खाली बसतो. बॅटरी आणि स्विच शक्यतो खोलीबाहेर.

---

माणदेशी

अनुदानाचं कुणाला माहीत आहे का?

---

गणिती_मास्तर

केंद्राचा राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रम नोव्हेंबर २०२२ ला जाहीर झाला, २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी. त्यात १ ते २५ घनमीटरचे घरगुती आणि लहान प्लँट एका गटात, आणि त्यावरचे २५०० घनमीटरपर्यंतचे दुसऱ्या गटात. वीजनिर्मितीला, ३ ते २५० किलोवॅट, मदत आहे ती या दुसऱ्या गटात. म्हणजे कृष्णाकाठ दादांच्या आकाराचा प्लँट पहिल्या गटात बसतो. काळ पुढे वाढवलाय का, रक्कम किती, हे पंचायत समितीच्या कृषी विभागात जाऊन विचारा. आणि खड्डा खणायच्या आधी विचारा. आधी बांधून मग कागद घेऊन जाणाऱ्यांची फार फरफट मी बघितलीय.

जाता जाता आणखी एक. हे तंत्र आपल्याकडे नवं नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात १८९७ साली मैल्यापासून गॅस केला होता. आणि देहूचे डॉ. मापुसकर यांनी गावात संडास आणि बायोगॅस जोडायचं काम आयुष्यभर केलं, त्यांना २०१७ ला मरणोत्तर पद्मश्री मिळाली. आपल्या गावांत ऐंशीच्या दशकात गोबरगॅस आला आणि बहुतेक जागी पुढच्या पंधरा-वीस वर्षांत बंद पडला, कारण बैल विकले गेले, टाक्या गंजल्या आणि सिलिंडर दारात आला. आता गाईंचे गोठे मोठे झालेत, शेण पुन्हा एका जागी गोळा व्हायला लागलंय. म्हणून मला हा धागा महत्त्वाचा वाटतो.

---

येरळाकाठ

कृष्णाकाठ दादा, प्लँट बघायला आलो तर चालेल का? माणदेशीही येतो म्हणतायत.

---

कृष्णाकाठ

जरूर या. पुढच्या रविवारी मी एका ड्रमचा कीस बदलणार आहे, तेव्हा सगळं उघडं बघायला मिळेल. पहाटे नको, दूध निघून गाडी गेली की आठनंतर या. पोल्ट्रीच्या किंवा स्वतःच्या गोठ्यातल्या चपला घालून येऊ नका, दारात चुन्याचं पाणी ठेवतो त्यात पाय बुडवून आत यायचं. जेवूनच जायचंय. आई विचारतेय, जावळीच्या ताईंना जमणार असेल तर त्यांच्या सासूबाईंनाही आणा म्हणावं.